नाल्याकडचे शेणकिडे

पळसाखालचा तो ढीग पाहून उमा आधी खूश झाली. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या खुशीची.

जालन्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी भोकरदनची एसटी धरून हिवरझरीच्या जंगलात किडे पाहायला जायचं, असा तिचा कितीतरी वर्षांचा नेम होता. गावाने त्या जंगलात चराई बंद केली, त्याच वर्षी तिने काम सुरू केलं. एरवी ती दुपारी पोचायची आणि उन्हं कलायच्या आत परत फिरायची. त्या दिवशी मात्र आदल्या रात्री भोकरदनला मैत्रिणीकडे मुक्काम पडला होता, म्हणून ती उजाडताच आली. गवत दवाने ओलं होतं. नाल्याकडच्या कोपऱ्यात शिरली, तशी समोरच्या झाडीतून चार-पाच मोठी जनावरं उठली आणि धडधडत निघून गेली. पुढे करडा नर, मागे तांबूस माद्या. रोही, म्हणजे नीलगाई.

ते बसले होते तिथलं गवत चेपलेलं होतं. पळसाच्या बुंध्याशी लेंड्यांचा मोठा ढीग होता, वरच्या ताज्या, खालच्या जुन्या होऊन मातीत मिसळलेल्या. रोही पुन्हापुन्हा एकाच जागी येऊन शेण टाकतो, हे उमाला पाठ होतं. वर्गात ती ते सांगायची. तिने काडीने ढीग उकरला. आत काळे, तुकतुकीत, हरभऱ्याएवढे शेणकिडे लगबगीने खाली घुसत होते. गेल्या वर्षी तिच्या सापळ्यांत आले होते, तेच हे.

"आले की रे परत," ती त्यांना म्हणाली.

किती नीट जुळत होतं सगळं! गुरं-शेळ्या थांबल्या तशी जमीन आधी गवताने झाकली. पवन्या, मारवेल ही गवतं कमरेला लागली. गवतामागे नाकतोडे आले, नाकतोड्यांमागे कोळी. उघड्या जमिनीवरच्या मुंग्या हटल्या आणि पाचोळ्यातल्या आल्या. शेणकिडे तेवढे पहिल्या दोन पावसाळ्यांत नाहीसे झाले होते, कारण शेणच नव्हतं. आता गवताच्या आडोशाला रोही आले आणि रोहींमागे शेणकिडे. जंगल स्वतःहून आपली माणसं गोळा करत होतं.

मग तिची नजर वर गेली. नाल्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर साळूबाईचा शेळ्यांचा गोठा दिसत होता. उमाच्या हातातली काडी खाली पडली.

गेल्या वर्षीच्या पोळ्यानंतरची गोष्ट. गावाला जंगलाचं काय झालं ते सांगायला गावच्या जंगल-समितीने तिला खंडोबाच्या देवळात बोलावलं होतं. याच देवळात सगळ्या गावाने बेलभंडार उचलून चराईबंदीची शपथ घेतली होती. देवापुढच्या ताटातलं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन जे बोललं जातं, ते हिवरझरीत मोडत नाहीत. उमाने गवताचं सांगितलं, फुलपाखरांचं सांगितलं, लोक कौतुकाने ऐकत होते. तिथेच थांबली असती तर. पण तिला पुरं सांगायची सवय होती.

"फक्त एका जागी थोडी गडबड दिसते," ती म्हणाली होती, आणि भिंतीवर लावलेल्या नकाशावर तिने नाल्याकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं. "इथं शेणकिडे सापडले. शेणाशिवाय हे जगत नाहीत. म्हणजे इथं कुणाच्या तरी शेळ्या जातात."

सगळी डोकी एका बाजूला वळली. त्या कोपऱ्याला लागून एकच गोठा होता.

"रोही नसंल का मॅडम?" मागून भागवत म्हणाला होता. भागवत म्हणजे सभेत हशा पिकवल्याशिवाय ज्याला बसवत नाही असा गडी. "माझी तूर खाऊन तिकडं परसाकडं जात असंल."

लोक हसले. उमाही हसली. "रोही उघड्या माळावर राहतो, झाडीत नाही," ती म्हणाली होती. चटकन. आपल्या सापळ्याच्या आजूबाजूला एकदाही न बघता.

साळूबाई बायकांच्या घोळक्यातून उठली. कुणी सांगायच्या आत ताटापाशी गेली, बेलभंडार उचलला आणि म्हणाली, "माझी एक बी शेळी त्या जंगलात गेल्ती असंल, तर ह्यो देव बघून घील." तिने उमाकडे पाहिलं. उमाने नकाशाची गुंडाळी करायला घेतली. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, असं ती त्या दिवशी एसटीत स्वतःला सांगत होती. पुढेही वर्षभर सांगत राहिली.

पण एकीकडे साळूबाईची शपथ होती आणि दुसरीकडे शास्त्र. गावाने शास्त्र खरं धरलं. तेव्हा शपथ खोटी ठरली. पुढच्याच महिन्यात साळूबाईची एक गाभण शेळी पोट फुगून मेली आणि उरलासुरला संशयही मिटला. कुणी तिला वाळीत टाकलं नाही, भांडलं नाही. फक्त बारशाला बोलवेनासे झाले. हिवरझरीत कुणाच्याही घरी बारसं असलं की पाळणा साळूबाईने म्हणायचा, ही रीत होती. देवापुढं खोटं बोललेल्या तोंडाचा पाळणा लेकरावरून कोण म्हणवून घेईल?

हे उमाला ठाऊक होतं. ऐकून तिला वाईट वाटलं होतं. पण आपण काय करणार, असंही वाटलं होतं.

ती तशीच गावात गेली. समितीचा अध्यक्ष कल्याण ओट्यावर दात घासत होता. तिने सगळं सांगितलं. कल्याणने चूळ भरली.

"बराबर हाय तुमचं," तो म्हणाला. "पण मॅडम, आता झालं गेलं. लोकं इसरून राह्यले."

"साळूबाई विसरल्या?"

"तसं न्हाई. पण बघा, गाव कसंबसं बंदी पाळून राह्यलं. आता म्हणायचं मॅडमचंच चुकलं, तर उद्या लोकं म्हणतील, सगळंच चुकीचं असंल, सोडा शेळ्या. तुम्हालाच नको हाय ना ते?"

 क्षणभर उमाला ते पटलं. जंगलासाठी गप्प बसावं, असं एक सोयीचं कारण तिच्यापुढे कुणीतरी चहाच्या कपासारखं ठेवलं होतं, आणि ते उचलायला तिचा हात जवळजवळ पुढे झालाच होता. आत कल्याणची सून शीतल तान्ह्या मुलीला थोपटत होती. तिने दारातून एकदा उमाकडे पाहिलं आणि नजर खाली केली.

"आज संध्याकाळी देवळात लोक जमवा," उमा म्हणाली. "नाही जमवलेत तर मी घरोघर जाईन."

मग ती साळूबाईकडे गेली. साळूबाई शेळ्यांपुढे बाभळीचा पाला टाकत होती. पूर्वी ती उमाला 'बाई माझे' म्हणायची, ताक घेतल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

"या मॅडम," ती म्हणाली.

उमाने रोहींचं सांगितलं, ढिगाचं सांगितलं, किड्यांचं सांगितलं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की ती वर्गात बोलते तशी, क्रमाने बोलते आहे. ती थांबली. "माझं चुकलं, साळूबाई."

साळूबाई पाला टाकत राहिली. "मला काऊन सांगून राह्यल्या? मला तर ठावंच व्हतं माझ्या शेळ्या गेल्या न्हाईत."

उमाने खाली सांडलेला पाला गोळा करून शेळ्यांपुढे सरकवला.

"तवा तुम्ही मला इचारायला पाह्यजे व्हतं," साळूबाई म्हणाली. "एवढुशा किड्यांना वाकून वाकून बघता. माझा गोठा काय लांब व्हता?"

संध्याकाळी देऊळ भरलं. नकाशा नव्हता. उमा उभी राहिली आणि तिने आधी शेवटचं वाक्य सांगितलं. साळूबाईची शपथ खरी होती. मग रोहींचं सांगितलं. भागवत उठला. "म्या म्हणल्तो का न्हाई! म्या म्हणल्तो!" पण या वेळी कुणी हसलं नाही, आणि तोही मग ओशाळून खाली बसला.

मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग मॅडम, तवाचं खरं का आताचं खरं? पुढल्या वर्साला आनखी तिसरंच सांगचाल."

"किडे सापडले, हे तेव्हाही खरं होतं," उमा म्हणाली.  "ते शेळ्यांमुळे आले, हे मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी बोलले. भागवतभाऊंनी विचारलं, तेव्हा बघून सांगते म्हणायला हवं होतं. मला तसं म्हणायची लाज वाटली."

कुजबुज सुरू झाली. कल्याण घड्याळाकडे बघू लागला. आपण बोललेलं लोकांपर्यंत पोचत नाही, हे उमाला कळत होतं. तिने समोरच्या ताटाकडे पाहिलं. भंडाऱ्यावर बेलाची पानं होती. साळूबाईने जे केलं तेच आपण करावं, म्हणजे तरी... ती पुढे झाली आणि तिने हात लांबवला.

"ऱ्हाऊ द्या," साळूबाई म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. "तुम्ही नका उचलू. तुमचा त्याच्यावर भरोसा हाय का?"

उमाने हात मागे घेतला. खोटं बोलणं शक्य नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

"मंग उचलून काय हुईल? पिवळा हात हुईल. म्या उचलल्ता तवा माझा जीव त्याच्यात व्हता." साळूबाई लोकांकडे वळली. "आन तुमचा बी भरोसा त्याच्यावर नव्हताच. एका बाईनं भिताडावर बोट ठिवलं, आन तुम्ही देवाला खोटं पाडलं. माझी शेळी मेली त् म्हणलात, देवानं दाखवलं. देवाला काय दुसरा धंदा न्हाई का?"

 साळूबाईने पदर सारखा केला आणि देवाला नमस्कार करून ती घरी निघून गेली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. नाही केलं, असंही म्हणाली नाही. उमा शेवटच्या गाडीने परतली. आपला पिवळा न झालेला हात तिने सगळ्या वाटेवर मुठीत धरून ठेवला होता.

पुढच्या सुट्टीला तिचं पाऊल उचलत नव्हतं, तरी ती गेली. सापळे रिकामे करायचे होते. जंगल कधी नव्हे इतकं सुंदर दिसत होतं. गवताला तुरे आले होते आणि पावलागणिक नाकतोडे उडत होते. इतक्या वर्षांच्या कामाचं हे फळ तिच्यासमोर पसरलं होतं, आणि तिला त्याच्याकडे वर मान करून पाहवत नव्हतं. ती नाल्याकडच्या कोपऱ्यात उकिडवी बसली. जमिनीत पुरलेला पेला तिने वर काढला. तळाशी दोन शेणकिडे होते.

तेवढ्यात गावाच्या बाजूने आवाज आला. बायकांचा घोळका, भांड्यांची खणखण, आणि मग सगळं शांत होऊन एकच बाई पाळणा म्हणू लागली. आज शीतलच्या मुलीचं बारसं होतं. आवाज वाऱ्याबरोबर जवळ येत होता, लांब जात होता.

उमा पेला हातात धरून ऐकत राहिली. ती साळूबाई असेल का? आवाज जरा जाड होता, वय झालेल्या बाईचा वाटत होता. पण तशा आवाजाच्या गावात आणखीही बायका होत्या. इतक्या वर्षांत तिने साळूबाईला गाताना कधी ऐकलंच नव्हतं, तेव्हा ओळखायचं कशावरून?

नाला ओलांडून गोठ्यापर्यंत गेलं, तर साळूबाई घरी आहे की नाही हे कळलं असतं. पण कुठल्या तोंडाने जायचं? तिने पेला पुन्हा जमिनीत बसवला, कडेची माती बोटांनी दाबली, आणि पाळणा संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.