शून्य गाडी येण्याआधी

ऑफिसात त्यांना सगळे काळजीवाहू म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणंच माणसाच्या कानावर आधी येतं. शहराच्या वाहतूक खात्यात रस्त्यांची आखणी करणारा हा माणूस. गतिरोधक कुठे घालायचा, कुठला सिग्नल किती वेळ लाल ठेवायचा, शाळेपुढचा रस्ता कुठे अरुंद करायचा, हे त्यांचं काम. स्वभाव असा की दूध नुसतं गॅसवर ठेवलं तरी यांना ते उतू गेल्याचं दिसू लागायचं.

अशा माणसाच्या गळ्यात कोणी मोटारींची शर्यत मारावी? पण मारली. शर्यतीसाठी वेगळं मैदान नव्हतं. जिथून रोज बस जाते, जिथे लोक भाजी घेतात, तेच शहराच्या मधल्या भागातले रस्ते एका रविवारी सकाळपुरते बंद करायचे आणि त्यांवरून गाड्या सोडायच्या, असा बेत. वरिष्ठांना हौस, दुकानदारांना गर्दी हवी, आणि निस्तरायला काळजीवाहू. तुमच्याइतका घाबरट माणूस खात्यात दुसरा नाही म्हणून हे काम तुम्हालाच, असं वरिष्ठ म्हणाले. यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कामाला मात्र ते हात धुऊन लागले. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी अडथळा आणि अडथळ्याशी एक पहारेकरी. दवाखान्याकडे जायची वाट वेगळी, बस वळवायची वाट वेगळी, आगीचा बंब उभा करायची जागा वेगळी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे शून्य गाडी. शर्यतीच्या गाड्या सुटण्याआधी एक गाडी अख्ख्या मार्गावरून फिरते, तिला शून्य गाडी म्हणतात, कारण ती शर्यतीत नसतेच. तिच्यात आखणी करणारा माणूस बसतो आणि रस्त्यावर कोणी उरलं नाही ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. तो वायरलेसवर ‘रस्ता मोकळा’ म्हणाला की शर्यत सुटते. तो म्हणाला नाही, तर कोणाच्या बापाची हिंमत नाही. फक्त एक होतं. रस्ते मिळाले होते मोजक्या वेळेपुरते. शून्य गाडी अडकली तर पहिली फेरी रद्द, आणि त्याचा जाब आखणी करणाऱ्याला.

घरी बायको होती. तिशीत असताना तिच्या डोळ्यांच्या नसा सुकत गेल्या, आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं, आणि मग काहीच उरलं नाही. बाई खचली नाही. पियानोचे सूर लावायचं काम ती आधीपासून करायची, ते तिने सोडलं नाही; उलट लोक म्हणायचे, आता जास्त चांगले लावते. पांढरी काठी घेऊन ती एकटी कामाला जायची. पण नवरा बरोबर असला की संपलं. तो तिचा दंड घट्ट धरायचा आणि पावलागणिक ‘सांभाळ’ म्हणायचा. पायरी आली, सांभाळ. पायरी संपली, सांभाळ. एकदा ती म्हणाली होती की लग्नात माझं नाव बदलायचंच होतं, तर हेच ठेवायचं होतंत.

रोज संध्याकाळी ते आराखडा तिला वाचून दाखवत. याच्यात तिला कंटाळा नव्हता. ती खुर्चीत मान मागे टाकून ऐकायची आणि मध्येच बोट वर करायची. अमक्या कोपऱ्यावर पहारेकरी उभा कसा राहील, तिथे फरशी हलते. तमक्या गल्लीत कुत्री आहेत, तिथे दणकट माणूस द्या. नकाशात न दिसणारं सगळं तिला काठीने माहीत होतं. हळूहळू आराखडा तिला तोंडपाठ झाला. ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं, झोपेत माणूस हसतो तसं. ते मात्र आखणीत दंग.

एका संध्याकाळी तिने ते बोलून दाखवलं.

“मला त्या रस्त्यावरून चालायचंय. मधोमध. काठी नको, तुमचा हातही नको. रस्ता बंद झाल्यावर आणि तुमची शून्य गाडी येण्याआधी.”

त्यांना आधी वाटलं, थट्टा करतेय. मग तिचा चेहरा पाहिला. बंद रस्त्यावर मुंगीसुद्धा चालत नाही, हा नियम त्यांनीच लिहिलेला. तो त्यांनी तिला दोनदा ऐकवला. पडलीस तर, आपटलीस तर, लोक काय म्हणतील, आखणीवाल्याचीच बायको रस्त्यावर, हेही सगळं ऐकवून झालं.

“इतकी वर्षं मी कडेकडेने चालतेय,” ती म्हणाली. “भिंत, कठडा, रेलिंग. रस्ता म्हणजे माझ्यासाठी फक्त एक कड. मध्ये काय असतं ते मी विसरले. मला एकदा हात पसरायचेत आणि कशालाच लागायला नकोत.”

“नाही म्हणजे नाही,” ते म्हणाले.

ती गप्प बसली. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं समजणारे नवरे जगात पुष्कळ, हे त्यांतलेच. शर्यतीच्या दोन दिवस आधी पहारेकरी कमी पडले. कुठून तरी माणूस काढायला हवा होता. यांनी काढला तो शर्यतीच्या मार्गावर उघडणाऱ्या स्वतःच्या घराच्या फाटकावरून. वरच्या मजल्यावरचे परगावी गेलेले, खालचं शिंप्याचं दुकान बंद, आपल्या फाटकातून येणार कोण? हाही बदल त्यांनी संध्याकाळी तिला वाचून दाखवला. तिने बोट वर केलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

रविवार उजाडला तो धुक्यातच. रस्ते बंद झाले आणि शहराचा आवाज कोणीतरी हलक्या हाताने उचलून बाजूला ठेवावा तसा निघून गेला. शून्य गाडी त्यांचा मेहुणा चालवत होता, बायकोचा धाकटा भाऊ. कधीकाळी शर्यतीत पळालेला, आता गॅरेज टाकून बसलेला, आणि बहिणीच्या नवऱ्याची फिरकी घ्यायला सदा तयार. पण त्या सकाळी तोही बोलेना. इतका रिकामा रस्ता दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

सिग्नल कोणीच नसताना लाल होत होते आणि कोणीच नसताना हिरवे होत होते. कबुतरं रस्त्याच्या मधोमध चालत होती, चारजण फिरायला निघावेत तशी सावकाश. बंद दुकानांच्या काचांतून त्यांची गाडी त्यांच्याबरोबर जात होती, थोडी मागे, थोडी पांढरट. खिडक्यांत माणसं होती, हातात कप, अंगावर रात्रीचे कपडे, आणि सगळी आवाज न करता बघत होती. रोज ज्या रस्त्याला ती शिव्या घालत, तो असा पसरून पडलेला बघून त्यांना बोलणं सुचत नसावं. काळजीवाहूंना वाटलं, आपण अजून उठलोच नाही, उशी गालाखालीच आहे. गल्ल्या मागे पडत होत्या. अडथळा, पहारेकरी, हात वर. अडथळा, पहारेकरी, हात वर. त्यांचे डोळे मिटू लागले होते.

मग गाडी त्यांच्या स्वतःच्या रस्त्याला वळली आणि मेहुण्याचा पाय ब्रेकवर गेला.

रस्त्याच्या मधोमध ती चालत होती. पाठमोरी. पायात घरातल्या चपला, केस सैल, काठी नाही. दोन्ही हात खांद्यांपासून सरळ पसरलेले, आणि पावलं अशी टाकत होती की जणू जमीन तिच्याकडे येतेय आणि ती फक्त पाय ठेवतेय. धुकं तिच्या गुडघ्यांपर्यंत होतं.

“ताई,” मेहुणा पुटपुटला आणि त्याचा हात हॉर्नकडे गेला. यांनी त्याचं मनगट धरलं. हॉर्नने ती दचकली असती. इंजिन बंद कर, म्हणाले.

मेहुणा म्हणाला, भावोजी, मी पटकन जातो, गाडीत घालतो, कोणाला पत्ता लागायचा नाही. आणि ते खरंच होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. फेरी वाचली असती, नोकरीला धक्का लागला नसता, वरिष्ठांनी पाठ थोपटली असती. त्यांचा हात दाराच्या कडीवर होता. तिच्याकडे धावत जाऊन दंड धरायचा, एवढंच तर त्यांना इतकी वर्षं जमत आलं होतं.

वायरलेस खरखरला. नियंत्रण कक्षातल्या बाई विचारत होत्या, रस्ता मोकळा का, गाड्या तयार आहेत.

तिच्या पसरलेल्या हातांची बोटं हवेत हलत होती. त्यांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. लग्नातही नाही. यांच्या छातीत कळ आली, आणि ती भीतीची नव्हती, लाजेची होती. ही बाई इतकी वर्षं आपल्या मुठीत राहिली, आणि आपण त्या मुठीला माया समजलो.

“रस्ता मोकळा नाही,” ते वायरलेसवर म्हणाले. “रस्त्यावर माणूस आहे. माझी बायको.”

पलीकडे बाईंनी ते लिहून घेतलं. मग बाईंनी विचारलं, किती वेळ लागेल, कारण थोड्या वेळात फेरी रद्द करावी लागेल आणि ती तुमच्या नावावर जाईल. त्यांनी सांगितलं, जाऊ दे.

ते वायरलेस हातात घेऊन खाली उतरले. आवाज होऊ नये म्हणून बूट काढले आणि मोज्यांवर तिच्या मागे निघाले. रस्ता गार होता, ओलसर. वरच्या खिडक्यांतून कोणीतरी बघत होतं, त्याची त्यांना आज पर्वा नव्हती. पाचपन्नास पावलं गेले असतील, तोच ती थांबली. मागे वळली नाही.

“बूट घाला,” ती म्हणाली. “रस्त्यावर काचा असतात.”

त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. विचारलं, तुला भीती नाही वाटली? गाडी आली असती तर?

“आली असती ती शून्य गाडी. तिच्याआधी कुठली गाडी येणार? आणि तिच्यात तुम्ही.” ती म्हणाली. “इतका पक्का बंदोबस्त केलात, त्यावर तुमचाच विश्वास नाही. माझा आहे. म्हणून तर आले.”

जन्मभर लोकांनी त्यांच्या घाबरटपणाची टर उडवली होती. त्या घाबरटपणाच्या भरवशावर कोणी निर्धास्त चालू शकतं, हे पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. आणि तेही कोणी, तर जिला ते एक पाऊल सुटं टाकू देत नव्हते तिने.

“पुढे जाऊ?” तिने विचारलं.

“जा,” ते म्हणाले, आणि जागच्या जागी उभे राहिले. त्या सगळ्या तयारीत यापेक्षा अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

ती निघाली. आता तिची पावलं लांब पडू लागली, मग भरभर, मग ती चक्क पळाली. फार नाही, थोडीशीच, शाळा सुटल्यावर पोरी पळतात तशी, चपला फटफट वाजवत. धुक्यात ती अर्धी दिसत होती, अर्धी नव्हती. रस्ता पुढे डावीकडे वळत होता. ती वळली नाही. सरळच जात राहिली, आणि सरळ पुढे वळणाच्या बाहेरच्या बाजूला घसरलेल्या गाड्या अडवायला रचलेले पेंढ्याचे भारे होते. त्यांच्या तोंडात ‘सांभाळ’ आलं. दातापर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं.

ती भाऱ्यांवर जाऊन आदळली आणि तिथेच पालथी पडली. हलेना. मेहुणा गाडीतून धावत निघाला, त्याला त्यांनी हात आडवा करून थांबवलं. एका खिडकीतून कोणीतरी अगं बाई म्हणालं. मग तिचे खांदे हलू लागले. आधी वाटलं, रडतेय. ती हसत होती. पेंढ्यात तोंड खुपसून, पोट धरून, इतकी हसत होती की उठता येईना. हसताहसता ती उताणी झाली आणि दोन्ही हात पसरून आकाशाकडे तोंड करून पडून राहिली. पेंढा तिच्या केसांत, ओठांवर.

वायरलेसवरून बाईंनी कळवलं की पहिली फेरी रद्द झाली आहे, आणि वरिष्ठ त्यांना ताबडतोब भेटायला सांगताहेत. त्यांनी बरं म्हटलं. त्यात राग नव्हता, घाईही नव्हती. वरिष्ठ आज ना उद्या ओरडणारच होते. ते उभे राहिले, तिला हवं तेवढं पडू देत.

बऱ्याच वेळाने ती उठून बसली. केस मागे सारले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली, कान दिला. रस्त्यावर कुठेच आवाज नव्हता. ना गाडी, ना बस, ना फेरीवाला. ज्या आवाजांवरून ती रोज घर ओळखायची त्यांतला एकही नव्हता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं, आणि पहिल्यांदाच ती गोंधळलेली दिसली.

“अहो,” तिने हाक मारली, “घर कुठल्या बाजूला आहे?”

ते धावले नाहीत. चालत तिच्याजवळ गेले, दंड धरायला उठलेला हात मागे घेतला, आणि तिच्या शेजारी पेंढ्यावर बसले.

“जायचं तेव्हा सांग,” ते म्हणाले.