कमरेचं माप

तिसरा हुक. पहिले दोन बसले होते, हा मात्र बोटांतून निसटत होता – नखाएवढा, काळ्या पत्र्याचा, आणि तरी विनोदिनीला वाटलं, हा मेला आपल्याला हसतोय. हस बाबा. चाळीस दिवस हसतोयस, आज एकेचाळिसावा. तिने पोट आत ओढलं, श्वास धरला आणि हुक बसवलाच. रबरी पट्टा बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत आवळला गेला, आणि आरशात कंबर दिसली. होती, खरंच कंबर होती. मग तिने वरून साडी नेसली आणि चहा टाकायला गेली, कारण सोनमला साडेसातची म्हापशाची बस होती.

पट्टा सोनमनेच मागवून दिला होता, फोनवरून. आई, हे घातलं की इंच उतरतात म्हणे, असं म्हणाली होती आणि विसरूनही गेली होती. विनोदिनी विसरली नव्हती. गणपतीच्या चवथीला कमर चौतीस म्हणजे चौतीस, असं तिने देवासमोर नव्हे, शिलाई मशीनसमोर ठरवलं होतं, आणि मशीनसमोर ठरवलेलं तिने आजवर कधी चुकवलं नव्हतं.

चौतीसच का, ते तिलाच ठाऊक. अकरा वर्षं वाड्यावरच्या फुगडीत गाणं उचलणारी तीच होती – पुढच्या ओळीत, मधोमध. गेल्या चवथीला मात्र क्षमा, शाळेत शिकवणारी, नव्या दमाची, आता मंडळ तीच बघते – ती म्हणाली होती, "वयनी, यंदा फाटल्या वळीत राव गे. व्हिडिओ काढतत, आनी तुजो..." आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून ती धावली. वाक्य तिथंच राहिलं. राहिलं कसलं, विनोदिनीने ते त्याच रात्री घरी पुरं केलं... आनी तुजो घेर. मागच्या ओळीत ती वर्षभर उभी आहे, मनातल्या मनात. विचारायचं? शी, विचारतं कोण. बारीक होऊन दाखवायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाजारात येणाऱ्या बाया दारातूनच हाक मारतात, आणि ती गळ्यात टेप घालून उठते. सरळ उभी राव, श्वास सोड, पोट आत घेऊ नको गे, मापाला फसवून कापड फसत नाही... वीस वर्षं हेच सांगतेय मी लोकांना. आणि स्वतः? टेपला सगळं माहीत होतं. पट्टा असताना चौतीस. संध्याकाळी काढला की छत्तीस, आणि तिला काय आनंद व्हायचा, दोन इंच गेले म्हणून. मग तांब्याभर पाणी पिऊन, भात चढवून पुन्हा टेप लावला की अडतीस. पहिल्या दिवशी अडतीस होती, काल रात्रीही अडतीसच होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं की घाम जातो, चरबी जात नाही, पाणी प्यालीस की आहेस तिथंच, त्यापेक्षा चाल, भात थोडा कमी कर. विनोदिनीने मान हलवली होती आणि परत येताना पट्टा आणखी एका हुकाने आवळला होता. हट्टाला कान नसतात.

बरं, हट्ट अंगापुरता राहिला असता तर गोष्ट वेगळी. यंदा मंडळाच्या दहा नऊवारी शिवायला तिच्याकडेच होत्या, शिवलेल्या, कमरेला पट्टी आणि हुक असलेल्या. नऊ जणींच्या पट्टीत तिने दीड दीड इंच कापड आत सोडलं, बायका आहेत, चवथीच्या करंज्या-नेवऱ्या खाणारच. दहावी स्वतःची. ती तिने पट्ट्यावरून माप घेऊन बेतली, चौतीस, आणि आत सूतभरही सोडलं नाही. कात्री चालली तेव्हा उलट बरं वाटलं हो... परतीची वाट बंद केली की माणूस पुढंच जातं, असं काहीतरी तेव्हा मनात होतं.

दुपारी पेज जेवताना दोन घासांतच पोट भरलं. पट्ट्याचा हा एक गुण मात्र खरा. मग काज करताना अचानक सासूबाई आठवल्या – भागीरथी, जाऊन सहा वर्षं झाली. सोनमच्या वेळी चाळीस दिवस त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी करून हिचं पोट बांधलं होतं. बांधायच्या घट्ट, आणि शेवटची गाठ मारण्याआधी आपली दोन बोटं आत सरकवून बघायच्या. बारीक होण्यासाठी बांधतात ना, म्हणून हिने विचारलं होतं, तर म्हातारी हसली होती. चेड्वाला, या पोरीला, उचलताना कंबर मोडू नये म्हणून, बारीक व्हायला घरात काम थोडं आहे? आणि मग ती दोन बोटं... हे इतकी वर्षं कसं आठवलं नाही मला? तिने पट्ट्याच्या कडेला हात नेला. एक बोटसुद्धा आत जाईना.

चार वाजता देवळाच्या मंडपात तालीम होती. क्षमाने आधीच सांगितलं होतं की पुढं कोण राहणार ते आज ठरेल. विनोदिनी सगळ्यांआधी पोचली. गाणं तिने उचललं, पहिल्या दोन ओळी लागल्या चांगल्या, फुगडीचा घेर फिरू लागला, पावलं वाढली, आणि मग ती जागा आली – कमरेत वाकून सगळ्यांनी एका ताला‌त 'फू' घालायची, पोटाच्या तळातून. फुगडीची खरी परीक्षा तिथंच. श्वास खाली गेला, पट्ट्यापर्यंत गेला, आणि परत आला. दुसरा तेवढाही गेला नाही. डोळ्यांपुढं काजवे चमकले. ती घेरातून बाहेर पडून पायरीवर बसली, आणि गौरवीने, तेवीस वर्षांच्या पोरीने, गाणं तिथून पुढं उचललं. बरं उचललं. वाईट वाटलं ते त्याचंच.

क्षमा पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली.

"वयनी, आवाज खंय गेलो तुजो?"

विनोदिनीने बाटली तोंडाला लावली.

"गेल्या वर्सा व्हिडिओत तुजो सोडून दुसऱ्या कोणाचो आवाजच ऐकाक येय नासलो," क्षमा म्हणाली. मग उठता उठता, फाल्या बघू या, एवढंच म्हणून, ठरवणं उद्यावर टाकून ती घेरात गेली.

घरी येईपर्यंत विनोदिनी ते वाक्य उलटसुलट करत राहिली. आनी तुजो... आवाज? की घेरच, आणि आज केवळ कीव म्हणून? वर्षभर आपण ज्याच्यापायी जळलो ते अर्धं वाक्य आपणच लिहिलेलं असेल तर... छे. असेलही. विचारायला हवं होतं तेव्हाच. पट्टा काढला तेव्हा कातडीवर लाल वळ होते, आणि हुकांचे तीन ठसे. तिने तो फेकला नाही. पाण्याच्या कळश्या उचलताना कंबरेला बरा, म्हणून खुंटीला टांगला.

मग टेप घेतला. श्वास सोड, असं ती सगळ्यांना सांगते. आज तिने घेतला – पोट भरून, बरगड्या उघडून, गाण्याच्या आधी घेते तसा. एकोणचाळीस. आकडा मोठा होता आणि तिला त्याचा राग आला, खोटं का बोला. उद्यापासून पहाटे तळ्यापर्यंत चालायचं. भात एक मूद कमी. हे होईलच, होऊ दे वर्ष लागलं तर. कमर मी उतरवीन, तिने स्वतःला बजावलं, पण दम माझ्याकडेच ठेवून.

नऊवारीच्या पट्टीची शिवण तिने उसवायला घेतली. जोडाला त्याच रंगाचं कापड नव्हतं, हिरव्या तुकड्याची कळी जांभळ्यात घालावी लागणार होती, आणि ती दिसणार. दिसू दे. उद्या पुढं कोण, ते क्षमा ठरवील, गौरवीलाही ठेवील कदाचित. पण वाक्याचा उरलेला अर्धा भाग आता तिच्या तोंडून ऐकायचा, तो काही का असेना... दोऱ्याचं टोक तुटलं. ओठांशी आलेला श्वास विनोदिनीने रिकाम्या खोलीत सोडून बघितला – फू. कात्रीजवळची सुताची गुंडी हलली. तिने पुन्हा एकदा, जरा खालून, सोडून बघितला.