बापूजींनी मधलं कडवं मागितलं

पांढुर्ण्याच्या बापूजींनी जन्मभर संत्र्याचा व्यापार केला आणि म्हातारपणी प्रतिष्ठान काढून कवितेला अन् नाचाला आश्रय दिला. लोक हसले. पण लोकांच्या हसण्याला भीक घालतील तर ते बापूजी कसले! दर साली कवी आणि नर्तकी अशी एक जोडी निवडायची आणि वर्षभर शिकवायला तिला सौंसरचा आपला हॉल द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता.

यंदा त्या हॉलवर पूनमचा जीव अडकला होता. नागपुरात कथक शिकून आलेली ही सौंसरची पोर बोरगावच्या रस्त्यावर भाड्याच्या खोलीत मुलींना नाच शिकवायची. आता घरमालकाला लेकाच्या लग्नासाठी खोली परत हवी होती. हॉल मिळाला नाही तर नागपूरच्या नृत्यशाळेत नोकरी धरायची आणि मुलींना रामराम ठोकायचा, दुसरा इलाज नव्हता. तिला ती नोकरी मुळीच नको होती. तिला तिच्या त्या धसमुसळ्या, ऐन तालात फिदीफिदी हसणाऱ्या पोरीच हव्या होत्या.

जोडीला कवी होता गौतम, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातला कर्मचारी. त्यानं संत्र्याच्या बागेवर कविता लिहिली होती. पहिलं कडवं फुलांच्या वासाचं, शेवटचं लगडलेल्या फांद्यांचं, आणि दोन्ही झकास. मधलं मात्र निव्वळ भरतीचं. बहार यावा म्हणून झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होईस्तोवर ताण देतात, मग दांडातून, म्हणजे बागेतल्या पाटातून, पाणी सोडलं की फुलं येतात. एवढंच त्यात होतं.

"तिथं दोन गिरक्या मारून दे," गौतम तालमीत म्हणाला होता. "लोकं तेवढ्यात पाणी पिऊन घेतीन."

संत्र्याच्या पेटीच्या वरच्या थराला टपोरी फळं लावून मधात बारकी दडवायची, ही या मुलखाची जुनी खोड. गौतमनं कवितासुद्धा तशीच भरली होती, आणि पूनमनंही हरकत घेतली नव्हती.

आजवर निवड प्रतिष्ठानचे सचिव करायचे. यंदा मात्र निवडीच्या दिवशी बापूजी स्वतः हॉलमध्ये समोर येऊन बसले. गौतमनं घसा साफ केला, तोच त्यांनी हात वर केला.

"वरचं राहू द्या. मधलं कडवं म्हना."

"बापूजी, पहिल्यापासून घेतलं असतं तर..."

"मी पेटी मधातूनच उघडत असतो, गौतमजी."

गौतमचा चेहरा उतरला. पण सांगतो कोणाला? तो म्हणू लागला, 'पाणी तोडलं, पान झुकलं, झाड काही बोललं नाही.'

पूनमजवळ त्या दोन गिरक्यांशिवाय काही नव्हतं. पाय उचलला आणि तिला वाटलं, तहानलेलं झाड कधी गिरक्या मारतं का? तिनं पाय खाली ठेवला आणि उभी राहिली. एकेक बोट मलूल झालं, मग मनगट, मग मान. ही विसरली असं वाटून गौतमनं तिला सावरायला त्याच ओळी पुन्हा म्हटल्या. तशी ती आणखीच खचत गेली. तो बिचारा घामाघूम होऊन पुन्हा तेच म्हणू लागला. हॉलमध्ये कोणी खोकेना.

बापूजी काठीवर रेलून पुढं झुकले होते.

"बस झालं," ते म्हणाले.

पूनमला वाटलं, संपलं. गेला हॉल.

"बस झालं म्हनतो न मी. झाड मरून राहिलं. पाणी सोडा आता."

गौतमला पुढची ओळ आठवली. 'दांडातून पाणी आलं,' तो म्हणाला, आणि पूनमच्या टाचेनं पहिला ठेका धरला. घुंगरं हळूहळू जागी झाली, आणि मग तिला कोणी थांबवू शकलं नसतं. कडवं संपलं तरी ती नाचत होती.

ती थांबल्यावर बापूजींनी उपरण्यानं उघड उघड डोळे पुसले.

"आता पहिलं कडवं म्हनू का?" गौतमनं आशेनं विचारलं.

"नको. हॉल उद्याच झाडून ठेवाले सांगतो."

हे ऐकून पूनमला रडू फुटलं. इतक्या दिवसांची धास्ती एकदम बाहेर पडली.

"आता काहून रडून राहिल्या, बाई?" बापूजी गुरगुरले. "आत्ता कुठं फूल धरलं. फळाचा तोडा लय दूर आहे."

"असू द्या, बापूजी," पूनम डोळे पुसत म्हणाली. "मी आता कुठं जाऊन राहिली?"