ब्राव्होच्या आधीची शांतता

फोन आला तेव्हा इकुए बाबांच्या दुकानात होती. वसंतात बाबा गेले. आता रस्त्यावरची गिंकोची पानं पिवळी पडली, तरी दुकान आवरून होत नव्हतं. चष्म्याची एक फ्रेम खोक्यात ठेवावी तर दुसरी हाती येई, आणि ही कुणाच्या नाकासाठी घासली असेल याचा विचार करत ती बसून राही.

"मोगामी-सान ना? मी तोकुनागा. रेकॉर्ड कंपनीतून बोलतेय." आवाज मऊ होता. अवघड काही बोलायचं असलं की माणसं असा आवाज काढतात. "कुरेबायाशी सेन्सेईंचं सगळं ध्वनिमुद्रण आम्ही एकत्र काढतोय. वाद्यवृंदाचं, गायनाचं, सगळं. एकच मोठा संच."

"हो, वाचलं मी पेपरात."

"त्यातली शेवटची तबकडी त्यांच्या शेवटच्या मैफलीची आहे."

इकुएनं हातातली फ्रेम खाली ठेवली. "म्हणजे त्यात माझे वडील आहेत."

"सेगावा-सान तसंच म्हणाले. संचाबरोबरची पुस्तिका तेच लिहितायत. त्यांचं म्हणणं, ती आरोळी काढून टाकावी. मला ते जमेल, अवघड नाही. पण एका माणसाचा आवाज पुसायचा, तर आधी घरच्यांना विचारावं असं वाटलं."

काढून टाका, हे शब्द इकुएच्या ओठांवर आले होते. का कोण जाणे, ती म्हणाली, "मला आधी ऐकायला मिळेल का?"

"जरूर. सेगावा-सानही परत ऐकणार आहेत. पण ते म्हणतात, स्टुडिओत नाही, 'उगुइसु' कॅफेतल्या स्पीकरवर."

सेगावांनी दुसरं काही सांगितलं असतं तरच नवल.

वाद्यवृंदाचे संचालक कुरेबायाशी सेन्सेई गेले त्याला आता एक पिढी लोटली, पण ज्या घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं त्या घरात त्यांची एखादी तरी रेकॉर्ड असायचीच. घाई हा शब्द त्यांच्या वाद्यवृंदाला ठाऊक नव्हता. ओगिकुबोच्या उगुइसु कॅफेत त्यांच्या चाहत्यांचं मंडळ भरायचं. शाळेचे हेडमास्तर सेगावा त्याचे प्रमुख आणि चष्मेवाले तात्सुओ मोगामी, म्हणजे बाबा, त्यांचे जिवलग. दोघे एकाच रेकॉर्डवरून तासन्‌तास भांडत आणि मग एकाच छत्रीतून स्टेशनपर्यंत जात.

मैफलीत मात्र दोघे वेगळे बसत. सेगावांना समोरची, मधली जागा लागे. बाबा मागची जागा घेत, रंगमंचाच्याही मागची, जिथून वादकांच्या पाठी दिसतात आणि संचालकाचा चेहरा. गायकवृंद असला की त्याच्या कडेला, कोपऱ्यात. "पैसे देऊन नगाऱ्यामागे बसणारे तुम्हीच एक," आई म्हणायची. बाबा म्हणत, "सेन्सेईंची पाठ काय बघायची? ती शिंप्यानं शिवलेली असते."

शेवटची मैफल फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी झाली. ब्राम्सनं मृतांसाठी रचलेलं ते मोठं गायन होतं. सेन्सेई आजारी आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. चौदा वर्षांची इकुए आणि आई घरी कोतात्सुच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या उबेत पाय घालून रेडिओवर ऐकत होत्या. शेवटचा स्वर अगदी हळू, विरत विरत संपला. त्यानंतरची शांतता ही संगीताचाच भाग, असं इथले श्रोते मानतात. संचालकाची छडी खाली येईपर्यंत कुणी टाळी वाजवत नाही. मैफलीआधी तशी सूचनाही देतात, आणि ती ज्याच्यासाठी द्यावी लागते त्याच्याकडे लोक वळून बघतात.

त्या शांततेत एक माणूस ओरडला. "ब्राव्हो."

आई संत्रं सोलत होती. तिनं ते खाली ठेवलं. "अगं बाई," ती म्हणाली, "हे तर आपलेच."

मासिकांतून नावं न घेता लिहून आलं. उन्हाळ्याआधी सेन्सेई गेले, आणि त्यांच्या शेवटच्या मैफलीची शेवटची आठवण म्हणून ती आरोळी उरली. कंपनीनं रेकॉर्ड काढली तेव्हा शेवटच्या स्वराबरोबर आवाज हळूच बंद करून टाकला. बाबा स्वतः मंडळात गेले, वाकून म्हणाले, "तो मी होतो," आणि परत आले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही मैफलीत पाऊल ठेवलं नाही. घरी कानांवर हेडफोन चढवून ऐकत. इकुएनं एकदाच विचारलं होतं, "बाबा, का ओरडलात?" त्यांनी तिचा चष्मा काढून घेतला, काचा पुसल्या आणि परत दिला. तेवढंच.

उगुइसु सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवार ठरला. हात्सुएबाईंनी दार किलकिलं करून इकुएला आत घेतलं. नवऱ्यामागे कॅफे त्याच चालवत होत्या आणि भिंतीवरची 'बोलू नये' ही पाटीही त्यांनी तशीच ठेवली होती. आत कपाटाएवढे दोन स्पीकर, त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या लाल खुर्च्या. तोकुनागाबाई पुढे बसल्या होत्या, वाटल्या होत्या त्याहून बऱ्याच तरुण. सेगावा उभेच होते. केस सगळे गेले होते, कणा मात्र अजून शाळेतलाच होता.

"इकुए-चान. आई कशी आहे?"

"बरी आहे. तुमची चौकशी करत नाही."

"बरोबर आहे."

इकुएचं लक्ष त्यांच्या चष्म्याकडे गेलं. फ्रेम बाबांच्या हातची होती. त्या आरोळीनंतर दोघांचं बोलणं तुटलं तरी हेडमास्तरांनी दुसरा चष्मेवाला केला नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी त्यांची बायको दुकानात यायची, नवा नंबर सांगायची आणि पुढच्या आठवड्यात चष्मा घेऊन जायची. बाबा तो स्वतः घासत, मदतनीसाला देत नसत.

"बोलायचं असेल तर बाहेर पायऱ्यांवर," हात्सुएबाई म्हणाल्या.

"आज सुट्टी आहे ना हो?" सेगावा म्हणाले.

"सुट्टी मला आहे. पाटीला नाही."

सगळे बसले. तोकुनागाबाईंनी खालच्या आवाजात सांगितलं, की हे रेडिओचं मुद्रण नाही. रेडिओचे माइक छतावरून सोडलेले असायचे. त्या दिवशी कंपनीनं आपले स्वतःचे माइक लावले होते. त्यातला एक सेन्सेईंच्या पायाशी होता, आणि त्याची टेप आजवर कुणी वापरलीच नव्हती.

"शू," हात्सुएबाई म्हणाल्या आणि तबकडी लावली.

शेवटचाच भाग होता. गायकवृंदाचा आवाज एका श्वासासारखा उठला आणि बसला. इकुएला त्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं. परीक्षेचा निकाल वाचायच्या आधी फलकाजवळ उभं राहावं तशी ती बसली होती. त्या वेळी रेडिओ होता, आवाज खरखरीत होता. आता सगळं स्वच्छ ऐकू येणार, बाबांची चूकही. एक वेडी आशा मनात होती, की तो आवाज बाबांचा नसेलच. पण बाबांनी स्वतःच तर कबूल केलं होतं.

स्वर बारीक होत गेला. वीणेचा एक थेंब, आणि संपलं.

शांतता. एवढ्या मोठ्या स्पीकरमधून ती नुसती शांतता नव्हती. हजार माणसं श्वास धरून बसलेली ऐकू येत होती.

टक्.

अगदी हलका, लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज. मग जाड पुस्तक मिटावं तसं काहीतरी. मग एक लांब, दमलेला श्वास बाहेर पडला.

आणि लांबून, "ब्राव्हो."

बाबांचाच आवाज होता, शंकाच नको. पण ती आरोळी नव्हती. रस्त्यापलीकडे ओळखीचं माणूस दिसलं तर हाक मारावी, तसा तो जरासा घोगरा, जरासा चिरका शब्द होता. आणि त्यावर, माइकच्या अगदी जवळ, कुणीतरी हसलं. म्हातारा, थकलेला आवाज म्हणाला, "चला, सुटलो."

मग टाळ्यांचा लोट आला आणि सगळं त्यात बुडालं.

'बोलू नये' ही पाटी होतीच, म्हणून सेगावांनी टेबलावरचा फर्माइशीचा कागद ओढला, काहीतरी लिहिलं आणि हात्सुएबाईंना दिला. त्यावर लिहिलं होतं, 'शेवट. पुन्हा.' हात्सुएबाईंनी पुन्हा लावलं. सेगावांनी तोच कागद परत पुढे सरकवला. तिसऱ्या वेळी ते डोळे मिटून, उजवा हात वर धरून बसले होते, आणि टक् वाजलं तेव्हा तो हात त्यांनी सावकाश टेबलावर ठेवला.

"तो आवाज मी काढून टाकणार होते," तोकुनागाबाई कुजबुजल्या. "टक् वाजतं तो. कुणाची खुर्ची वाजली असेल असं वाटलं. नंतरचं हसणं वादकांपैकी कुणाचं तरी असेल असं समजले."

"शू," हात्सुएबाई सवयीनं म्हणाल्या.

"ती छडी आहे," सेगावा म्हणाले. मोठ्यानं, वर्गात बोलावं तसं. या वेळी हात्सुएबाई गप्प राहिल्या. "सेन्सेईंनी छडी खाली ठेवली आहे. स्वरलिपीचं पुस्तकही मिटलं आहे. मी पाचव्या रांगेत होतो, बरोबर मध्ये. मला काय दिसत होतं, तर काळा कोट. तो हललाच नाही. आम्ही सगळे त्या कोटाकडे बघत थांबलो होतो." त्यांनी चष्मा काढला. "तात्सुओ मागेच होता ना? नगाऱ्यापाशी?"

"नेहमीसारखे," इकुए म्हणाली. "त्यांना चेहरा दिसत होता."

"हात दिसत होते. छडी दिसत होती."

"हो."

"मग तो घाईनं ओरडला नव्हता."

"नाही." हा शब्द उच्चारला तेव्हा इकुएला जाणवलं, की आपण इतकी वर्षं खांदे वर ओढून जगत आलो आहोत. ते आता खाली आले. तिला रडू येईल असं वाटलं, पण आली ती जांभई, मोठी, आवरता न येणारी. तिनं तोंडावर हात धरला. हात्सुएबाईंनी न विचारता तिच्यापुढे कॉफी आणून ठेवली.

"त्या हेडमास्तरांना पण द्या," इकुए म्हणाली.

"हेडमास्तरांना पाणी," हात्सुएबाई म्हणाल्या. "त्यांचं तोंड कोरडं पडलंय."

तोकुनागाबाईंनी बॅग आवरता आवरता विचारलं, "मग मी काय करू?"

इकुए आणि सेगावा एकदमच बोलले. तिनं आधी त्यांना बोलू दिलं.

"काहीही करू नका," ते म्हणाले. "टक्, पुस्तक, श्वास, तात्सुओ, हसणं. यातलं एक काढलंत तरी ते खोटं होईल. पुस्तिका मी नव्यानं लिहितो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेगावा आसागायाला इकुएच्या घरी आले. हातात उगुइसुशेजारच्या दुकानातली मंजू नावाची मोदकासारखी गोड मिठाई होती, बाबांना आवडायची ती. आईनं दार उघडलं आणि बाजूला झाली. सेगावा देवघरातल्या बाबांच्या फोटोसमोर गुडघे टेकून बसले. उदबत्ती लावली, घंटा वाजवली आणि कपाळ चटईला टेकवलं. ते बराच वेळ तसेच होते. इकुएला वाटलं, यांना आता उठवावं लागणार.

"गाढव आहेस तू," ते शेवटी फोटोला म्हणाले. "एक शब्द बोलला असतास तर."

"बोलले असते तर ऐकलं असतं तुम्ही?" मागून आई म्हणाली.

सेगावांनी विचार केला. "नाही, वहिनी. नसतं ऐकलं."

"मग झालं तर." आई त्यांच्या शेजारी येऊन बसली. गुडघे दुखत असल्यानं तिला वेळ लागला. "मला सांगितलं होतं यांनी. त्याच दिवशी, घरी आल्या आल्या. म्हणाले, छडी खाली ठेवली होती गं, चेहरा अगदी मोकळा झाला होता सेन्सेईंचा, मला राहवलं नाही. मला वाटलं, सारवासारव करतायत. म्हटलं, केलीत ती केलीत, आता निमित्तं नकोत. त्यानंतर कधी बोलले नाहीत."

इकुएनं आईकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून हे तिला आज कळत होतं. आई फोटोकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर दुःख होतंच, पण त्याच्या वरचा एक जुना, ताठ थर निघून गेल्यासारखा दिसत होता.

"लाव बघू ते," आई म्हणाली.

तोकुनागाबाईंनी तबकडीची एक प्रत इकुएला दिली होती. तिनं बाबांच्या यंत्रात ती घातली, हेडफोनची वायर उपटली आणि आवाज खोलीभर सोडला. शेवटचा स्वर विरला. टक्. पुस्तक. श्वास.

बाबा म्हणाले, "ब्राव्हो."

"चिरका," आई म्हणाली. "लग्नातही असाच बोलला होता हा." एवढ्या वर्षांत तिनं बाबांना 'हा' म्हटलेलं इकुएनं कधी ऐकलं नव्हतं.

सेन्सेई हसले, सुटलो म्हणाले, टाळ्या सुरू झाल्या. सेगावा चटईवर बसल्या बसल्या टाळ्या वाजवू लागले. हळू, नीट, एकेक. आई गुडघ्यांवर हात देऊन उठली.

"पुरे आता, हेडमास्तर," ती म्हणाली. "सोबाच्या शेवया टाकतेय. जेवूनच जा. आणि तो चष्मा वाकलाय एका बाजूला. इकुए, यांचा चष्मा सरळ करून दे. हत्यारं अजून दुकानातच आहेत ना?"

"दुकानातच आहेत," इकुए म्हणाली. तिनं हात पुढे केला आणि सेगावांनी चष्मा काढून तिच्या हातावर ठेवला.