संदर्भांची भिशी

"मॅडम, तुमचा आकडा तीनच दाखवतोय," समितीचे अध्यक्ष लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले. "तीनवर तुमची गाईडशिप कशी ठेवायची, तुम्हीच सांगा."

रोहिणी दोंदे समोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. नाशिकच्या या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता तिचे केस पांढरे झाले, पण आपल्याला कुणी असं परीक्षेला बसवेल, हे काही तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आकडा म्हणजे एच-इंडेक्स. तुमचे पेपर किती, आणि इतरांनी आपल्या पेपरांत त्यांचा दाखला किती वेळा दिला, यावरून संगणक तो काढतो. पाचाच्या खाली आकडा असला तर पीएच.डी.ला मार्गदर्शन करता येणार नाही, असा नियम कॉलेजच्या संशोधन केंद्राने यंदाच काढला होता. आणि रोहिणीच्या हाताखाली एकच विद्यार्थिनी होती. रोशनी. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची, घरातली पहिली पदवीधर. मान्यता गेली की रोशनीचं चार वर्षांचं काम दुसऱ्याच्या दावणीला बांधलं जाणार.

"सर, माझा राबाचा पेपर बघितलात?" रोहिणीने विचारलं.

"तो मराठीतला? तो कुठल्याच यादीत बसत नाही."

"बसत नसेल. पण वाचलात का?"

अध्यक्ष हसले. कुत्सित नाही, दमलेल्या माणसासारखे हसले. "मॅडम, एवढी माणसं बाहेर बसलीयेत. वाचायला वेळ कुणाला आहे? त्यासाठीच तर आकडा काढलाय ना!"

रोहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, डॉक्टर पेशंटला न तपासता नुसतं वजन बघून औषध देतो का? पण बोलली असती तर रडली असती, आणि या लोकांपुढे तिला रडायचं नव्हतं.

पेठकडे नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप टाकायच्या आधी त्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. भाजलेल्या मातीत रोप जोमाने येतं, करपा रोगही कमी पडतो. पण त्यापायी दरवर्षी झाडं बोडकी होतात. शहरातले शहाणे उंटावरून शेळ्या हाकत सांगायचे, बंद करा ही अडाणी रीत. रोहिणी आणि रोशनीने तसं सांगितलं नाही. रोशनीचे वडील मंगळू यांच्या शेतात पावसाळ्यामागून पावसाळे दोघी चिखलात बसल्या. फांद्यांऐवजी भाताचं तूस आणि वाळकं गवत भाजून बघितलं. रोप तसंच आलं. करपा वाढला नाही. झाडाला कोयता लागला नाही. मग रोहिणीने ते मराठीत लिहिलं, पाड्यावर वाचून दाखवता यावं म्हणून. आता आजूबाजूचे चार पाडे तुसावर राब भाजतात. पण संगणकाला ते कसं कळावं? मंगळू काही पेपर लिहीत नाहीत, आणि दाखला म्हणून त्यांनी जन्मात एकच कागद बघितलाय, जातीचा.

"महिन्याने अंतिम अहवाल जाईल," अध्यक्ष म्हणाले. "तोवर आकडा सुधारला तर बघू."

बाहेर आल्या आल्या विभागप्रमुख हिरामण खैरनार यांनी तिला गाठलं. माणूस वाईट नव्हता. रोहिणीची आई गेली तेव्हा अमरधाम स्मशानभूमीत शेवटपर्यंत थांबलेला.

"मॅडम, किती वेळा म्हटलं, भिशीत या."

ही भिशी पैशाची नव्हती. दर महिन्याला एकाचा नंबर लागायचा, आणि बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या पेपरात त्या एकाचे पेपर संदर्भ म्हणून घालायचे. त्यामुळे भौतिकवाल्यांच्या भिंगांत खैरनारांच्या कडुनिंबाचा दाखला यायचा, आणि खैरनारांच्या कडुनिंबात भूगोलवाल्या मॅडमचा दुष्काळ. पैसे देऊन आठवड्यात छापणारी मासिकंही होती. असं करत खैरनारांचा आकडा अकरावर गेला होता. कॉलेजने शाल-श्रीफळ देऊन सत्कारही केला.

"या महिन्याचा नंबर माझा आहे," खैरनार म्हणाले. "तो तुम्हाला देतो. मनापासून देतो. फक्त तुमच्या नि रोशनीच्या पुढच्या पेपरात आमचे थोडे घाला. कडुनिंबाच्या नॅनोकणांचे."

"सर, नागलीच्या राबात नॅनोचं काय काम?"

"संदर्भच ते मॅडम. शेवटचं पान वाचतो कोण?"

"पहिलं तरी कोण वाचतं, सर?"

खैरनार मग हळू आवाजात म्हणाले, "तुमचं बरोबर असेल. पण पोरीचा विचार करा. तत्त्वं तुमची आणि नुकसान तिचं, असं नको व्हायला."

हे मात्र तिला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

प्रयोगशाळेत येऊन तिने नवा पेपर उघडला. करप्याबद्दलच्या एका वाक्यापुढे कंस केला आणि खैरनारांचं नाव टाइप केलं. तेवढ्यात रोशनी रोपांचे नमुने घेऊन आली आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागली.

"मॅडम, हे काय? सरांचा हा पेपर तर कुंडीतल्या टोमॅटोचा हाय."

"माहितीये."

"मग?"

रोहिणीने सगळं सांगितलं. आकडा, भिशी, महिन्याची मुदत. रोशनी ऐकत राहिली, मग म्हणाली, "खोडा ते. बाबा विचारतील ना, कोन हे खैरनार? कधी आलते आपल्या शेतात?"

"रोशनी, माझ्याकडून तुला काढतील. कळतंय का?"

"काढू द्या. लय बघितलेत काढनारे."

सव्वीस वर्षांच्या पोरीला असं म्हणताना काय लागतं? किंमत तर अजून कळायची असते. रोहिणीला ते कळत होतं. तरीही तिने नाव खोडलं, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता आला.

महिन्याने अहवाल आला. रोहिणी दोंदे यांची मार्गदर्शक म्हणून मान्यता रद्द. विद्यार्थिनी डॉ. खैरनार यांच्याकडे वर्ग.

रोशनी धाडकन दार ढकलून आत आली. डोळे लाल. "मी नाय जानार त्यांच्याकडं. पाड्यावर जाते परत. नागली लावीन."

"नागली लावायला तुझे बाबा आहेत," रोहिणी कडाडली. इतक्या वर्षांत ती रोशनीवर कधी ओरडली नव्हती. "तू गुपचूप त्यांच्याकडे जायचंस. माझ्या रागाची शिक्षा तू भोगायची नाहीस. डिग्री घ्यायची, मग कर तुला काय करायचं ते."

"आणि ते म्हनले नावं घाल तर?"

रोहिणी खिडकीकडे वळली. जे नाव आपल्या हाताने खोडलं, तेच हिला लिहायला सांगायची पाळी आपल्यावर यावी? हा कुठला न्याय? आयुष्यभर वर्गात उभं राहून आपण या पोरांना काय शिकवलं मग?

"घाल," ती म्हणाली. "सांगतील ती घाल. फक्त निरीक्षणं बदलू देऊ नकोस. तिथे कुणाचं ऐकू नकोस, माझंसुद्धा."

रोशनीने मान हलवली. पाया पडायला वाकली, तर रोहिणीने तिला वरच्या वर धरलं. आपल्या प्रयोगशाळेत कुणी पाया पडत नाही, हे ती तिला नेहमी सांगायची. आज नुसतीच तिला धरून उभी राहिली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं. रोहिणी दुपारच्या तासाला निघाली होती. वाटेत खैरनारांच्या प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. आत चारपाच मुलं संगणकांपुढे बसलेली, आणि खिडकीजवळ रोशनी. ती फोनमधल्या भिशीच्या ग्रुपवर बघून एकेक नाव टाइप करत होती.

"रोशनी, भूगोलवाल्या मॅडम राहिल्या बघ," आतून खैरनारांचा आवाज आला. "या महिन्याला त्यांचा नंबर."

"हो सर," रोशनी म्हणाली, आणि तेवढ्यात तिला दारावरून जाणारी रोहिणी दिसली. ती चटकन उठून उभी राहिली. बाकीची मुलं एकदा तिच्याकडे, एकदा दाराकडे बघायला लागली.

"बस गं," रोहिणी म्हणाली. "काम कर."

रोशनी बसली नाही.

रोहिणी पुढे चालू लागली. व्हरांडा लांब होता, वर्ग पार टोकाला. ती वर्गात शिरेपर्यंत मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.