माझ्याखाली लपलेली आई

मी एक घोंगडी आहे, अल्पाकाच्या काळ्या लोकरीची. माझ्याखाली निदान तीनशे आया लपल्या असतील.

पेरू देशातल्या अरेकिपा शहरात डॉन आन्सेल्मोंच्या फोटोच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. त्या काळी फोटोसाठी 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणून संपेपर्यंत न हलता बसावं लागे. तान्ही बाळं कसली बसतात? म्हणून खुर्चीवर धरायला आई, फोटोत बाळच दिसावं म्हणून तिला झाकायला मी आणि माझ्यावर बाळ. डॉन आन्सेल्मो प्रार्थना पुटपुटायचे आणि तेवढ्यात काचेवर जिवंत माणूस उतरायचं. मी दर वेळी थक्क व्हायचे. त्याहून नवल त्या आयांचं. केस विंचरून, डूल घालून यायच्या आणि निमूट माझ्याखाली शिरायच्या.

एके सकाळी मार्तिना नावाची मुलगी आली. महिन्याभरावर तिचं लग्न होतं. तिने स्वतःचा लहानपणचा फोटो पुढे केला.

"हा तुम्हीच काढलाय ना? आई तापात गेली तेव्हा मी वर्षाचीही नव्हते. तिचा एखादा फोटो असेल का हो?"

"अगं, ती आहे की यात. तिच्याच मांडीवर बसलीयस तू."

"मला तर घोंगडीच दिसते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाकलं तर मीच होतं.

मग म्हातारबुवांनी माळ्यावरच्या जुन्या काचा उपसल्या आणि एक खाली आणली. "ही बिघडलेली काच. भारी द्वाड होतीस तू. ऐन वेळी घोंगडी ओढलीस, म्हणून मी मधलं तेवढंच छापलं."

उजेडाला धरली तर सगळं उलटंच दिसलं, गोरं ते काळं. तेव्हा त्यांनी काच माझ्या काळ्या अंगावर ठेवली, तशी उलटं ते सुलट झालं. आणि ती दिसली. अर्धाच चेहरा, पण लख्ख. लेकीकडे बघत हसू दाबणारी.

मार्तिना काचेवर वाकली. मग म्हणाली, "नाक माझंच आहे."

"तुझं तिचं आहे," डॉन आन्सेल्मो म्हणाले. "संध्याकाळपर्यंत पूर्ण छापून देतो."

जाताना तिने माझ्यावर हात फिरवला. "हिच्याखाली तिला फार उकडलं असेल, नाही?"

डॉन आन्सेल्मोंना ते ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला कुठलं तोंड?

आता मला कसर लागली आहे, नवे मालक फेकून देतील. देऊ देत. फक्त मार्तिना कुणाला भेटली तर सांगा: उकडत होतं, पोरी, घामाने भिजली होती ती. पण तू रडू नयेस म्हणून सारा वेळ गुणगुणत होती.