मनगटाची सवय

बाळांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही मोटारसायकलवर मागे बसलाय. एका हाताने आजोबांचा शर्ट धरलाय, दुसरा आईला टाटा करतोय. आजोबा गाडी काढतात आणि एकदम बुडाखालची सीटच पुढे पळते!

नातीचं तसंच झालं. शर्ट सुटला आणि ती फाटकापाशी मातीच्या ढिगावर आपटली. नशीब, खरचटण्यावर निभावलं. दारातली आई मात्र धावत आली.

आजोबा काही नवशिके नव्हते. जन्मभर ते रक्तपेढीतून इस्पितळांत रक्ताच्या पिशव्या पोचवत आले होते. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली गाडी शिकली. पण जुनी गाडी मरतुकडी, केबल ढिली. वेग देणारी उजवी मूठ अर्धी पिळावी तेव्हा कुठे कुरकुरत हलायची. ती मोडीत गेली, रक्तपेढीने दुप्पट ताकदीची नवी दिली. मनगट मात्र जुनंच राहिलं.

"बाबा, उद्यापासून हिला शाळेत मी चालत सोडीन," लेक म्हणाली.

"अगं, एकदा चुकलं..."

"एकदाच पुरतं, बाबा."

संध्याकाळी त्यांनी गाडी घरामागच्या मैदानात नेली. नात मागोमाग गेली आणि लांब उभी राहिली. क्लच सुटला, मूठ आपोआप पिळली गेली, गाडी उसळली.

"काय मास्तर, घोडा उधळला का?" पंक्चरवाला ओरडला. तोही त्यांचाच चेला.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी गाडी वळवली. पुन्हा तेच! या खेपेला गाडी कुंपणाच्या जेमतेम हातभर अलीकडे थांबली. ते हँडलवर मान टाकून बसले.

"आजोबा," नात लांबूनच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना काय शिकवता? आधी नुसता क्लच. गाडी आपणहून चालेपर्यंत मुठीला हात लावायचा नाही."

त्यांनी उजवा हात उचलून चक्क मांडीवर ठेवला. क्लच तसूतसूने सोडला. गाडी मांजरीच्या पावलांनी निघाली.

पुढे आठवडाभर रोज हेच चाललं. नातीला सोडू का, असं त्यांनी लेकीला विचारलं नाही. सोमवारी सकाळी एकट्यानेच गाडी फाटकाबाहेर काढली, जराही न उसळता. आई नातीचा हात धरून चालत शाळेला निघाली होती.

नातीने हात सोडवून घेतला. आत पळाली, हेल्मेट घालून आली. आईने वाकून तिचा पट्टा घट्ट केला.

"टाटा कर बरं."

"आज नाही," नात म्हणाली. तिने आजोबांच्या पोटाभोवती दोन्ही हातांचा विळखा घातला होता. "हात रिकामे नाहीत."